छाया सोनबा, हजर

दार उघडलं तर पायरीवर पन्नाशीची एक बाई उभी. खांद्याला कापडी पिशवी, कानशिलावर पांढरे केस, चपला अंगणातच काढून ठेवलेल्या. मी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "छाया ना तू? सोनबाची?"

"हजर, बाई," ती म्हणाली आणि हसली. मग पदर सारखा करत हळूच म्हणाली, "पर म्या रत्ना. धाकली."

मला माझाच राग आला. सहा महिने रोज सकाळी मी हिला छाया म्हणून हाक मारली होती, आणि ही छाया नाही हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. चाळीस वर्षं झाली त्याला. तरी तोंडातून तेच नाव बाहेर पडलं.

मी मंगल. भोरमध्ये पोस्टाच्या मागच्या गल्लीत राहते, एकटीच. नोकरी केली ती शिवण निदेशिकेची. निदेशिका हा सरकारी शब्द झाला. खेड्यातल्या मुली मला बाई म्हणायच्या आणि खेड्यातले पुरुष मशीनवाली. त्या काळी वरच्या कुणाच्या तरी मनात आलं होतं, की तांत्रिक शिक्षण खेड्यापाड्यांत न्यायचं. मुलांसाठी सुतारकाम आणि पंपदुरुस्ती, मुलींसाठी शिवण. वर्ग फिरता असायचा. सहा महिने एका गावात, मग मशीन उचलायची आणि पुढच्या गावाला. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मी अशी चार वर्षं हिंडले. डोंगरातल्या वाड्यांना तेव्हा वीज नव्हती, मशीन पायाची होती, आणि माझे पायही बरे होते.

चहा ठेवला. रत्नाला खुर्ची दिली तर "हितं बरं हाय" म्हणत ती भिंतीला टेकून खाली बसली. बाईंसमोर खुर्चीत बसायचं नाही हे बावन्नाव्या वर्षीही तिच्या अंगातून गेलं नव्हतं.

"काय काम काढलंस?"

"शाळंत कागद मागत्यात, बाई."

मार्गासनीच्या पुढे, वेल्ह्याच्या रस्त्याला मुलींची एक निवासी शाळा आहे. रत्ना तिथं एकवीस वर्षं शिवण शिकवत होती. आधी गणवेश शिवायला म्हणून गेली, तेव्हाच्या मुख्याध्यापिकेनं तिचा हात पाहिला आणि ठेवून घेतली. कागद त्या वेळी कुणी मागितला नाही. नवरा वारल्यावर शाळेनं तिला शिवणवर्गाच्या मागची खोलीही दिली. मूलबाळ नाही. आता वरून हुकूम आला होता, की शिकवणाऱ्याकडे त्या विषयाचं प्रमाणपत्र हवं. महिनाअखेरपर्यंत तालुक्याच्या कार्यालयात दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्याला. खोली जागेबरोबर जाणार. महिना संपायला अकरा दिवस होते.

"साठ पोरी हायती बाई. त्यांच्यात हाय तवर म्या बरी हाय. तिथनं निघाले तर कुठं जाऊ?" ती म्हणाली. "म्या शिकले हे तुमालाच म्हाईत हाय. तेवढं लिवून द्या."

तिनं पिशवीतून एक वही काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. नमुन्यांची वही. आमच्या वर्गात प्रत्येक मुलीनं झबलं, टोपडं, परकर, ब्लाउज असं सगळं वितीएवढ्या मापात शिवून वहीच्या पानावर टाचायचं असायचं. पुठ्ठा विरला होता. वर माझ्या अक्षरात लिहिलेलं नाव मात्र अजून नीट वाचता येत होतं. छाया सोनबा.

हे कसं झालं ते सांगायला हवं.

सन पंच्याऐंशीचा नोव्हेंबर. सहा मशीन एसटीच्या टपावर घालून मी मार्गासनीला उतरले आणि तिथून बैलगाडीनं वरच्या वाडीत गेले. वर्गासाठी देवळापुढचा मंडप द्यायचं गावानं कबूल केलं होतं. पोचल्यावर मला नाव विचारलं. मग आडनाव विचारलं. मग म्हणाले, मंडपाचं काम निघालंय. आम्ही बौद्ध. अशी कामं आम्ही पुढ्यात आल्यावरच कशी निघतात, हे मला सत्ताविसाव्या वर्षापर्यंत पाठ झालं होतं. गाडीवान विचारत होता, बाई, माघारी वळवू का?

तेव्हा गर्दीतून एक उंच, काटकुळा माणूस पुढे आला. सोनबा. म्हणाला, "माजी पडवी मोकळी हाय. तितं उतरवा." एवढंच म्हणाला आणि स्वतःच एक मशीन खांद्यावर घेऊन चालायला लागला. त्यानंतर कितीतरी दिवस गावातली चार माणसं त्याच्याशी बोलत नव्हती. त्याच्या बायकोनं, अक्काबाईनं, मला घरातल्या पेल्यात पाणी दिलं. मी ते पाणी विसरले नाही. पुढचं सगळं त्या पाण्यामुळं झालं असं मी म्हणते, म्हणजे दोष माझा थोडा हलका होतो.

नियम दोन होते. पटावर वीस मुली हव्यात आणि प्रत्येकीला सोळा वर्षं पूर्ण हवीत. एक जरी कमी पडली तर वर्ग दुसऱ्या गावाला. माझ्याकडे एकोणीस जमल्या. विसावी सोनबाची थोरली, छाया, सतरा वर्षांची. तिचं नाव पटावर चढलं, वर्ग मंजूर झाला, आणि चौथ्याच दिवशी अक्काबाईनं अंथरूण धरलं. पाचव्या दिवशी सोनबा धाकटीचा हात धरून पडवीत आला. बारा वर्षांची, चौथीनंतर शाळा सुटलेली, दोन वेण्या, झग्याची एक बाही उसवलेली.

"बाई, थोरलीला सारोळ्याचं स्थळ बगितलंय," तो म्हणाला. "त्यास्नी शिवणाचं सर्टिफिकीट असल्याली पोरगी पायजे. अन् घरात तर तिच्याबिगर चूल पेटत न्हाई. नाव थोरलीचं ऱ्हाऊ द्या. बसंल ही."

त्या वेळी या भागात असंच होतं. मुलगी दाखवायची म्हटलं की पोह्यांच्या बशीशेजारी नमुन्यांची वही ठेवायचे, आणि सर्टिफिकेट भिंतीवर अशा जागी लावायचे की पाहुण्यांची नजर तिकडे गेलीच पाहिजे. मुलगी खरंच शिवते का, हे कुणी मशीनवर बसवून पाहत नसे.

मला नाही म्हणता आलं असतं. पण पडवी त्याची होती आणि विसावी मुलगी दुसरी मिळत नव्हती. मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना "छाया सोनबा" म्हटलं. कुणी ओ दिली नाही. मी मान वर करून त्या मुलीकडे नुसतं पाहिलं. ती म्हणाली, "हजर."

तिचे पाय बसून पायडलला पुरायचे नाहीत, म्हणून ती एका पायावर उभी राहून मशीन चालवायची. तरी वीसजणींत तिची टीप सगळ्यात सरळ. बाही मुंढ्याला अशी बसवायची की चूण म्हणून पडायची नाही. मी चार वर्षांत दीडेकशे मुली शिकवल्या, असा हात पुन्हा पाहिला नाही. फेब्रुवारीत तपासणीला साहेब आले. तिच्यापाशी थांबून विचारलं, "नाव काय तुझं?" ती मशीन न थांबवता म्हणाली, "छाया." साहेब पुढे गेले. ते गेल्यावर मी तिला लिमलेटची गोळी दिली.

एप्रिलमध्ये प्रमाणपत्रं वाटली. छाया नवी साडी नेसून आली आणि पाहुण्यांच्या हातून आपलं प्रमाणपत्र घेऊन गेली. रत्ना पडवीच्या खांबाला धरून उभी होती. सगळे पांगल्यावर जवळ आली. "बाई, माजं कदी?"

"सोळा वर्षांची हो. मग तुझ्या नावाचं देते," मी म्हणाले.

म्हणताना मी खरंच म्हणत होते. वर्ग तिथून शिवऱ्याला गेला, मग आणखी एका गावाला, आणि ती सोळा वर्षांची व्हायच्या आत फिरते वर्गच बंद झाले. मशीन कुठल्याशा गोदामात गेली, मला कार्यालयात टपालाच्या टेबलावर बसवलं, तिथूनच निवृत्त झाले. तो शब्द मी विसरले असं मात्र नाही. तो अधूनमधून आठवायचा आणि आठवला की मी दुसऱ्या कामाला लागायचे.

"लिहून कशाला द्यायचं?" मी रत्नाला म्हणाले. "माझ्याकडे हजेरीपट आहे."

वर्ग बंद झाले तेव्हा जुनी कागदपत्रं नष्ट करा असा आदेश होता. मी माझे पट घरी आणले होते. ट्रंकेतून तो पट काढला, झटकला, आणि युद्ध जिंकल्याच्या ऐटीत तिच्यापुढे धरला. रत्नाचा चेहरा उतरला.

"त्यो कशाला, बाई? निस्तं लिवा की. वीस हुत्या, म्या एकविसावी हुते म्हणून."

"बारा वर्षांची एकविसावी? जन्मतारीख बघितली की पहिल्यांदा हेच पकडतील. आणि एकदा खोटं लिहिलं तेवढं पुरे झालं. आता जसं घडलं तसं सांगायचं. मी येते तुझ्याबरोबर."

तिनं तोंड उघडलं, मिटलं आणि वही पिशवीत घातली. त्या वेळी तिला काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही. माझ्या अंगात सत्य संचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी कापूरव्होळवरून गाड्या बदलत आम्ही वेल्ह्याला पोचलो. तालुक्याला आता नवं नाव मिळालंय. माझ्या तोंडात वेल्हेच बसलंय. अख्ख्या तालुक्याचं नाव बदलता येतं, मग एका बाईचं एका कागदावर यायला काय हरकत आहे, असं मी एसटीत रत्नाला म्हणालेसुद्धा. ती खिडकीबाहेर बघत होती.

कार्यालयात अश्विनी नावाची तरुण अधिकारी होती, तिशीची. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण भांडायला जागाच मिळेना. तिनं आम्हाला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, पंखा आमच्याकडे वळवला. मी सगळं सांगितलं, पडवीपासून लिमलेटच्या गोळीपर्यंत. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग हजेरीपट पुढे ओढला आणि बोट फिरवत पानं पाहिली. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. छाया सोनबा, हजर. छाया सोनबा, हजर. एक खाडा नाही.

"अक्षर तुमचं?"

"माझंच."

"प्रत्येक महिन्याखाली सहीपण तुमचीच आहे." तिनं पटावरचं बोट उचललं. "मॅडम, रत्नाताईंचं नाव यात कुठंच नाही. छायाताई एकशे बेचाळीस दिवस वर्गात होत्या, असं तुम्हीच लिहिलंय."

"ते खोटं आहे म्हणून तर सांगतेय."

"मग मी कुठलं धरू? तेव्हाचं की आताचं?"

ती हे खोचकपणे म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिला खरोखरच प्रश्न पडला होता. उभ्या आयुष्यात मला असं गप्प कुणी बसवलं नव्हतं, आणि हे तर माझ्याच अक्षरानं बसवलं.

रत्नानं मुकाट्यानं नमुन्यांची वही टेबलावर ठेवली. अश्विनीनं एकेक पान उलटलं. तिला शिवणातलं कळत असावं, कारण झबल्याची शिवण तिनं आतून उलटून पाहिली. आणि तिचं बोट थांबलं.

"हा र कसला?"

मी चष्मा लावला. झबल्याच्या आत, शिवणीच्या कडेला, लाल दोऱ्यानं काढलेला तिळाएवढा र. टोपड्यात होता. परकराच्या नेफ्यात होता. ब्लाउजच्या बाहीत, अस्तराच्या आत होता. प्रत्येक नमुना मी तपासून त्यावर सही केली होती. मला एकदाही दिसला नव्हता.

"म्या काडला हुता," रत्ना खाली बघून म्हणाली. "बाईंस्नी न सांगता."

बारा वर्षांच्या पोरीनं स्वतःचं नाव माझ्यापासून लपवून ठेवलं होतं. ज्या साहेबांची मला भीती वाटत होती त्यांच्यापासून नव्हे, माझ्यापासून. मला त्या टेबलावर डोकं ठेवून रडावंसं वाटलं.

अश्विनीनं वही मिटली. "मला पटलं," ती म्हणाली. "पण मला पटलंय हे लिहायला या फॉर्मात रकाना नाही. आता नव्यानं परीक्षा द्यायची तर दहावी लागते. ताई चौथी. एकच वाट आहे. छायाताईंनी प्रतिज्ञापत्र करून द्यावं, की वर्गात मी नव्हते, बहीण होती, हे प्रमाणपत्र माझं नाही. मग मला वर पाठवता येईल." हजेरीपट तिनं माझ्याकडे सरकवला. "हा घरी न्या. माझ्याकडे दिलात तर मला त्याच्यावर काहीतरी लिहावंच लागेल, आणि ते तुमच्या उपयोगाचं नसेल."

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "चल, सारोळ्याला."

"बाई, नको जाऊया."

"का?"

"थोरल्या आक्काला बरं न्हाई वाटायचं."

"अगं, तिचं एक प्रतिज्ञापत्र आणि तुझं सगळं आयुष्य. वाटू दे थोडं वाईट." मी तिला जवळजवळ ओढतच एसटीत चढवलं. कापूरव्होळला उतरून हमरस्त्यानं सारोळ्याला पोचेपर्यंत तीन वाजून गेले.

नीरेच्या पुलाच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत छायाचं घर. ती नुकतीच कामावरून आलेली होती. अंग भरलेलं, केस काळे केलेले, गळ्यात अजून ओळखपत्राची पट्टी. मला ओळखलं तशी पाया पडली. मग तिनं माझ्या हातातला हजेरीपट पाहिला, बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि न विचारता खाली बसली.

"कुठं कामाला असतेस?" मी विचारलं.

"पुलापल्याड बायकांचं वसतिगृह हाय, बाई. तितं शिवणाला मदतनीस. चोवीस वर्सं झाली."

मला सगळं कळलं. तरी तिनं सांगितलं, मी ऐकलं. लग्नात सर्टिफिकेट बघून सासूनं मशीन आणली. छायाला तर बॉबिनही भरता येत नव्हती. मग ती काही ना काही निमित्त काढून माहेरी जायची आणि माळ्यावर दार लावून रत्ना तिला शिकवायची. झबल्यापासून सगळं. पुढे नवऱ्याच्या पायावरून ट्रक गेला, तो घरी बसला, आणि वसतिगृहातली जागा निघाली. तिथंही कागदच मागितला होता. कागद हिच्याकडे होता.

"आठ म्हयनं ऱ्हायलंत बाई सुटायला. मग पेन्शन. ते आत झोपलेत, त्यांचं औषधपाणी त्याच्यावरच." ती सरळ माझ्याकडे बघून बोलत होती. "ह्यो कागद माजा न्हाई म्हणून लिवून दिलं, तर ती चोवीस वर्सं चोरीची हुत्यात. व्हय ना?"

मी हजेरीपट मांडीवर पालथा घातला.

छाया उठली. फळीवरून नातवाची वही आणि पेन घेऊन आली आणि दोन्ही माझ्या पुढ्यात ठेवलं. "म्या शिकले ती हिच्या हातनं. हिला न्हाई म्हणायला माजं त्वांड न्हाई. तुमी आमच्या बाई. तुमी सांगाल तसं लिवते. सांगा."

रस्त्यावरून ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकला घराची खिडकी वाजत होती. मी पेनाकडे बघत बसले. हिला लिही म्हणाले तर हिची नोकरी जाते. नको म्हणाले तर रत्नाची. एका कागदावर मी दोघींची आयुष्यं टांगून ठेवली होती, आणि आता या दोघी म्हणत होत्या, बाई, तुम्हीच सोडवा. हजेरी घेताना सोपं होतं. एक नाव पुकारायचं, एक पोरगी ओ द्यायची.

"बाई, सांगा की," छाया म्हणाली.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याचा कुणालाच उपयोग नव्हता.

रत्नानं हात पुढे केला, पेनाला टोपण लावलं आणि वही मिटून फळीवर ठेवून आली. "च्या टाक, आक्का," ती म्हणाली. "बाईंनी सकाळपासनं कायबी खाल्लं न्हाई."

छाया स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला, मग थांबला, आणि बराच वेळ नळ नुसताच वाहत राहिला.

परतीच्या वाटेवर, एसटीची वाट बघताना मी रत्नावर चिडले. दुसरं कुणी चिडायला नव्हतं. "मला आधी का नाही सांगितलंस, तिची नोकरी त्याच्यावर आहे म्हणून?"

"तुमी इचारलं न्हाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "म्या निस्तं लिवून मागितलं हुतं. तुमी हजेरीपट काडला."

आता मला वाटतं, की तिला हवं होतं ते लिहून द्यायला हवं होतं. चाललं नसतं, टिकलं नसतं, पण निदान माझ्या अक्षरात तिचं नाव लिहिलेला एक कागद तिच्या पिशवीत राहिला असता. घरी आल्यावर मी तो लिहिला. रत्ना सोनबा ही माझ्या वर्गात सहा महिने शिवण शिकली, असं लिहिलं, खाली सही केली आणि तारीख घातली. टपालानं पाठवला. त्यावर तिचं काही आलं नाही.

महिना संपला. तिनं शाळेतली खोली सोडली आणि वाडीत माहेरच्या घरी गेली. सोनबा आणि अक्काबाई कधीच गेले. घर बंद असतं, पडवी उभी आहे. तिथंच राहते म्हणाली. मी तिला म्हटलं, माझ्याकडे ये, भोरला. म्हणाली, बघू.

परवा सकाळी तिचा फोन आला. चांगल्या आवाजात बोलत होती.

"बाई, नवी पोरगी आलीया शाळंत. प्रेरणा नाव. तेवीस वर्सांची हाय, गुणाची हाय. डिप्लोमा झालाय. पर तिला कटोरी ब्लाउज येत न्हाई. समदं कागदावरच कापून शिकल्याली, मशीनवर हात बसलाच न्हाई."

"मग?"

"मग काय. पोरींची परीक्षा हाय म्हयन्यावर. म्या जाते सकाळच्याला चालत. दोन घंटं बसते."

"शाळेनं परत घेतलं का तुला?"

"न्हाई वो. मला कोण घेतंय," ती म्हणाली. "सही ती करती. शिकवते म्या."

मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. म्हणायचं होतं, एक दिवस त्या पोरीला एकटीला उभं राहू दे फळ्यापुढे, कळू दे सगळ्यांना. पण हे मी कुठल्या तोंडानं म्हणणार? हे असं दुसरीच्या नावावर बसायला तिला मीच शिकवलं होतं, आणि वर लिमलेटची गोळी दिली होती.

"बाई?" ती विचारत होती. "हाय न्हवं तुमी?"

"आहे," मी म्हणाले.